किटमधल्या मिक्सरचे सर्किट कसे वाचावे, आणि तिसरा ऑसिलेटर लावताच आवाज का फाटतो?

तुम्ही अनेक आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या किटबद्दल तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटे) लावले असता आवाज स्वच्छ येतो, पण तिसरा लावताच तो लाटेलाटेने फाटतो, ५ व्होल्ट देऊन पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) बरोबर मध्यावर ठेवला तर अडीचऐवजी २ व्होल्टच मिळतात, आणि एवढ्याशा कामाला आकृतीत दोन ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर) कशाला घातले आहेत. मी फोंड्याला राहतो आणि गेली काही वर्षे अशी किटे हौसेने जुळवतो. तुमच्या बोर्डात बहुधा काहीच बिघडलेले नाही, आणि तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे टीएल०७२ या ऑप-अँपच्या चिपच्या २ क्रमांकाच्या पिनपाशी आहे.

३ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडलेली आहे, आणि २ क्रमांकाची पिनही शून्य व्होल्टवरच राहावी म्हणून ऑप-अँप फीडबॅक रेझिस्टरमार्फत (आउटपुटपासून याच पिनेपर्यंत परत आलेल्या रेझिस्टरमार्फत) आपले आउटपुट सतत वरखाली करत असतो. त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत तार कुठेच गेलेली नसली तरी ती ग्राउंडसारखी वागते, म्हणून तिला व्हर्च्युअल ग्राउंड म्हणतात. हे एकदा मनात बसले की सर्किट व्होल्टेजच्या नव्हे, प्रवाहाच्या हिशेबाने वाचावे. ५ व्होल्ट आणि इनपुटचा १०० किलोओहमचा रेझिस्टर म्हणजे ५० मायक्रोअँपिअर प्रवाह. प्रत्येक इनपुटचा प्रवाह स्वतंत्रपणे त्या पिनेत येतो आणि शेजारच्या इनपुटला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण सगळ्यांना समोर शून्य व्होल्टच दिसतात. तीन ऑसिलेटरची जॅके नुसती एकत्र जोडली असती तर एकाचा पॉट फिरवल्यावर दुसऱ्याचा आवाज बदलला असता; तो त्रास येथे होत नाही.

आता फाटण्याचा हिशेब पाहू. तिन्ही ऑसिलेटर ५ व्होल्टच्या शिखरावर एकाच क्षणी आले तर १५० मायक्रोअँपिअर जमा होतात, आणि १०० किलोओहमच्या फीडबॅक रेझिस्टरमधून ते वाहून न्यायचे तर आउटपुटला उणे १५ व्होल्टपर्यंत जावे लागेल. पुरवठा मात्र अधिक-उणे १२ व्होल्टचा, आणि टीएल०७२ त्याच्याही साधारण दीड व्होल्ट अलीकडेच थांबतो. दोनच ऑसिलेटर असताना बेरीज १० व्होल्ट, म्हणून ती जेमतेम मावते. फाटणे लाटेलाटेने येते, कारण तुमचे ऑसिलेटर तंतोतंत एका सुरात नाहीत. चवथीच्या आरतीत तीन घुमटांच्या (मातीच्या वाद्यांच्या) थापा कधी जुळतात, कधी मागेपुढे होतात, तशी ही शिखरेही काही क्षण एकत्र येतात आणि पुन्हा पांगतात. जुळतात तेव्हाच लहरींचे माथे छाटले जातात.

याची खात्री मल्टिमीटरने करता येते. तिन्ही पॉट पूर्ण उघडून तिन्ही इनपुटांना एकच ५ व्होल्ट द्या आणि २ क्रमांकाच्या पिनेवर मोजा. एकच इनपुट जोडलेले असताना तेथे काही मिलिव्होल्टच दिसतील. तिन्ही जोडल्यावर सुमारे १.१ व्होल्ट दिसतील, कारण आउटपुट टोकाला अडकलेले असल्याने ऑप-अँपला ती पिन शून्यावर धरून ठेवता येत नाही.

उपाय एका रेझिस्टरचा आहे: पहिल्या टप्प्यातील फीडबॅकचा १०० किलोओहम काढून ३३ किलोओहमचा लावा, म्हणजे तिघांची बेरीज ५ व्होल्टच्या आतच राहील. मी हा बदल केला तो पावसाळ्यात, वीज गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात, आणि त्यानंतर एकटा ऑसिलेटरसुद्धा फाटू लागला. निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरवर ३३ किलोओहमचे पट्टे नारिंगी, नारिंगी, काळा, लाल असे असतात, तर ३३० किलोओहमवर चौथा पट्टा नारिंगी असतो. त्या उजेडात मला लाल आणि नारिंगी यांतला फरक कळला नव्हता. सोल्डरचा डाग देण्याआधी रेझिस्टर मीटरवर मोजून घ्या.

पॉटच्या २ व्होल्टचे कारण असे की त्याच्या मधल्या पायाला १०० किलोओहमचे इनपुट रेझिस्टर लागलेले आहे आणि त्याचे दुसरे टोक शून्यावर आहे. मध्यावर पॉटचा खालचा ५० किलोओहमचा भाग आणि हे १०० किलोओहम समांतर येऊन ३३.३ होतात, वर ५० उरतात, ३३.३ भागिले ८३.३ म्हणजे ०.४. ही चूक नव्हे. उलट, लिनिअर पॉटची चाल त्यामुळे कानाला थोडी अधिक सोयीची होते.

दुसरा ऑप-अँप फक्त चिन्ह पालटून देतो. पिन शून्यावर धरण्यासाठी आउटपुटला नेहमी इनपुटच्या उलट जावे लागते, आणि ते उलटेपण एकट्या आवाजात कानाला जाणवत नाही. तुमच्या आकृतीत इनपुटला स्थिर व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर नसल्याने या मिक्सरमधून कंट्रोल व्होल्टेजही (सुराची उंची वगैरे ठरवणारे व्होल्टेज) जाऊ शकते. ते उलटे झाले तर वर चढणारा सूर खाली उतरेल. एवीतेवी त्याच आठ पायांच्या चिपमध्ये दुसरा ऑप-अँप आयता असतो, म्हणून मी तरी तो काढणार नाही. शेवटी असलेला १ किलोओहम जॅक लावताना होणाऱ्या शॉर्टपासून आउटपुटला वाचवतो.

पॉट फिरवतानाच खरखर येत असेल आणि हात थांबताच ती थांबत असेल, तर तिचा या हिशेबाशी संबंध नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पॉटचा कार्बन ट्रॅक खराब होतो. त्यात काँटॅक्ट क्लीनर मारून पॉट दहावीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा.