मासा निरोगी निघाला म्हणून

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने तू रक्तवाहिन्यांच्या वाढीशी जोडलेले जनुक तोडलेस, झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिढ्या वाढवण्यात वर्ष गेले, आणि जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या पिल्लांच्याही रक्तवाहिन्या सुरळीतच आहेत. तेव्हा विषय बदलू का, असे तू विचारतेस. बदलू नकोस. जे दिसले ते आधी वहीत लिही.

आमच्या काळी मॉर्फोलिनो नावाचे कृत्रिम रेणू होते. ते एकपेशीय अंड्यात टोचायचे, म्हणजे जनुकाचा संदेश (प्रथिन बनवण्याची सूचना) अडतो. तीस तासांच्या भ्रूणात महाधमनीतून पाठीकडे चढणाऱ्या हिरव्या चकाकत्या वाहिन्या अर्ध्यावर थांबलेल्या पाहिल्या आणि हे जनुक वाहिन्यांना लागतेच, असा निष्कर्ष छापून मी मोकळा झालो. त्याच ताटलीतल्या ज्या भ्रूणांच्या वाहिन्या नीट वाढल्या होत्या, त्यांना सुई लागलीच नसेल असे ठरवून ती मी फेकून दिली. पुढे तेच जनुक तोडलेले मासे आले, ते निरोगी निघाले. तेव्हा सगळेच तसे करत, हे खरे. पण फेकलेली भ्रूणे मी मोजलीसुद्धा नव्हती.

२०१५ मध्ये जर्मनीत दिदिए स्टेनिए यांच्या गटाने एका रक्तवाहिनी-जनुकाबाबत दाखवले की, जनुक तोडल्यावर दुसरी जनुके वाढून त्याचा भार उचलतात. मॉर्फोलिनोने तसे होत नाही. तुटक्या जनुकाचा सदोष संदेश पेशी नष्ट करते, त्यातून ही भरपाई सुरू होते, हे २०१९ मध्ये कळले. म्हणून आता जनुकाचा प्रवर्तकच (जनुक चालू करणारा भाग) काढून टाक, म्हणजे संदेश तयारच होणार नाही. आईने अंड्यात ठेवलेला संदेश पिल्लाला तारतो का, तेही तपास.

कर्करोगाच्या गाठीला वाढायला नव्या वाहिन्या लागतात, हे जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. त्या रोखणारे औषध प्रथिनाला अडवते, जनुक तोडत नाही. त्यामुळे तुझा मासा निरोगी आहे एवढ्यावरून त्या जनुकाचे प्रथिन औषधाचे लक्ष्य म्हणून निकामी ठरत नाही. (आमचे मॉर्फोलिनोही सर्वस्वी चुकले नव्हते, असे मी अजून मानतो.) मात्र हे म्हणायला तुझ्याकडे निरोगी पिल्लांची नोंद हवी. ती नसेल, तर माझ्यासारखेच तुझेही होईल. मला ते पाहवणार नाही.

पुढच्या खेपेस कोणत्या पिल्लाचे जनुक तुटलेले आहे हे कळण्याआधी ताटलीतले प्रत्येक पिल्लू मोज, प्रत्येकाच्या वाहिन्यांचे चित्र घे, आणि मगच जनुकतपासणी कर. आकडे मला पाठव. निरोगी पिल्लांचे आधी.

तुझा,
जुना मार्गदर्शक