एका उद्योजकामुळे अख्ख्या भागाची आर्थिक प्रगती होऊ शकते का?

होते, पण त्याचं पाहून इतरांनाही तोच धंदा सुरू करता आला तरच. कोल्हापूर जिल्ह्यातलं कापड विणणारं इचलकरंजी बघा, मी तिथलाच. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं. मोजक्या मागांवरही सुरुवात करता येते, त्यामुळे गल्लोगल्ली खडखडाट सुरू झाला. मग सायझिंग (सुताला खळ लावणं), वहिफणी (मागासाठी उभे धागे ओवणं), कांड्या भरणारे कांडीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुट्या भागांची दुकानं, सुताचे व्यापारी, सगळं गावातच. नव्या माणसाची निम्मी तयारी आयतीच होते. माझ्या मते खरी ताकद हीच. मात्र अख्खं गाव एकाच धंद्यावर असलं की मंदीही सगळ्यांना एकदमच गाठते. व्यापाऱ्यांनी बीमं (उभ्या सुताचे गुंडाळलेले रूळ) देणं थांबवलं की मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्यांचे माग सगळ्यात आधी बंद पडतात.