ताडोबात वाघ दिसला नाही तर एक दिवस उरेल. चंद्रपूर जिल्ह्यात किल्ले-मंदिरं काय पाहावीत? आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केला म्हणून तिथे किल्ला बांधला, हे खरं आहे का?

वाघ दिसला नाही तर! चांद्याला (चंद्रपूरचं जुनं नाव) लोक असेच येतात, वाघाने दगा दिल्यावर. मी पठाणपुऱ्यातली, म्हणजे परकोटाच्या, शहराभोवतीच्या तटाच्या, आत वाढलेली. लग्न होऊन पुण्याला आले आणि 'तुमच्याकडे कुठे आलेत किल्ले?' हे ऐकणं नशिबी आलं.

आमचे धाकटे भाऊजी सह्याद्रीतले गड पालथे घालणारे. एका उन्हाळ्यात सगळे ताडोबाला आलो, मुक्काम माझ्या माहेरी. बाबांनी हौसेने सगळ्यांना गाव दाखवायला नेलं. जटपुरा दरवाजाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बाबा वरचं शिल्प दाखवत होते, हत्तीवर स्वार झालेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह. भाऊजी मोबाइलमध्ये. बगड खिडकीपाशी (खिडकी म्हणजे तटातला छोटा दरवाजा) तटावर चढलो तर म्हणाले, "वहिनी, चढायलाच काही नाही, हा कसला किल्ला?"

मग अंचलेश्वराच्या देवळात बसून बाबांनी गोष्ट सांगितली. खांडक्या बल्लाळशाहची राजधानी बल्लारपूरला. त्याच्या अंगभर गाठी, कुठलं औषध लागू पडेना. एकदा शिकारीत तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. राजा प्यायला, हातपाय धुतले. सकाळी राणी बघते तर गाठी गेलेल्या! दोघं परत त्या जागी आले, तर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे आणि कितीही उपसलं तरी पाणी आटत नाही. तिथेच अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे त्याच भागात कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्यामागे धावताना दिसला. वेडीवाकडी वळणं घेत मोठा फेरा झाला आणि शेवटी कुत्र्यानेच सशाला मारलं. राणी म्हणाली, ही जागा बळाची आहे, ह्याच फेऱ्यावर कोट बांधा.

भाऊजी हसले. बाबांच्या तोंडावर. "म्हणजे इंजिनीअर ससा होता का?" बाबा काही बोलले नाहीत, उठून चपला घातल्या.

मला राग हसण्याचा नव्हता. हाच माणूस सिंहगडावर घोरपडीची गोष्ट सांगताना भारावून जातो. रायगडावर हिरकणी कुठून उतरली तो कडा मुलांना बोट करून दाखवतो. ह्या गोष्टी मलाही आवडतात, त्या सांगितल्याच पाहिजेत. पण घोरपडीला दोर लावून चढलेलं चालतं आणि ससा धावला की हसू येतं, हा कुठला न्याय? गोंड राजाची गोष्ट म्हणून ती पोरकट, एवढंच ना?

आता तुमच्या 'खरं आहे का'चं. नकाशा उघडा. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दक्षिणेला पठाणपुऱ्याकडे दोघींचा संगम. नद्यांच्या बेचक्यात शहर बसवायचं तर तट त्यांच्या वळणांचा अंदाज घेतच जाणार. पावसाळ्यात वर्धा फुगली की इरईचं पाणी उलटं मागे येतं आणि पठाणपुऱ्याचा रस्ता बंद होतो, ते लहानपणापासून पाहत आलेय. ज्याने कुणी आखणी केली त्याला पाणी कळत होतं. चार दरवाजे आहेत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या. काम एका राजाच्या हयातीत झालेलं नाही, पुढच्या पिढ्यांनी पुरं केलं.

आणि हा 'कसला किल्ला' इंग्रजांना तोफा डागून फोडावा लागला, मे १८१८ मध्ये. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. त्याच्या महिनाभर आधी दुसरे बाजीराव पेशवे चांद्याच्याच दिशेने येत होते, पांढरकवड्याच्या बाजूला त्यांना गाठून इंग्रजांनी पांगवलं. पुण्याहून निघालेल्या पेशव्याला ज्या कोटाचा आधार वाटला, त्याला पुण्याचे भाऊजी किल्ला म्हणत नाहीत!

अंचलेश्वराच्या देवळाशेजारी गोंड राजा बीरशाहची समाधी आहे, ती बघाच. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली. त्याच्या खुनानंतर दत्तक रामशाह लहान असताना राज्य तिनेच चालवलं, महाकालीचं देऊळही तिनेच नव्याने उभारलं. बायकोसाठी बांधलेली कबर बघायला देश आग्र्याला जातो, नवऱ्यासाठी बांधलेली ही मात्र चंद्रपुरातल्याही पुष्कळांनी आतून पाहिलेली नाही. लालपेठेकडे उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आहेत. त्यातल्या दहा तोंडांच्या मूर्तीला गावात रावण म्हणतात, आहे ती देवी. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने देवळासाठी घडवून घेतल्या, देऊळ झालंच नाही.

राजवाड्याच्या जागी आता जिल्हा कारागृह आहे, आत सहज जाता येत नाही. तिथेच २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. वय पंचवीस. शाळेत आम्हाला १८५७ शिकवलं ते मेरठ, झाशी आणि कानपूरचं.

नागपूरहून येत असाल तर वाटेत भद्रावती लागतं. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचं देऊळ आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर एकाच गावात. बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या काठावर आहे, तासाभरात होतो. चढायचीच हौस असेल तर गडचांदूरच्या पुढे डोंगरात माणिकगड आहे, नागवंशी राजांचा, दरवाजावर नाग कोरलेला. भाऊजींना तोही सुचवला होता. ऊन फार आहे म्हणाले. मार्कंड्याची देवळं ह्या यादीत शोधू नका, १९८२ साली जिल्हा तुटला तेव्हा ती गडचिरोलीत गेली. एका दिवसात तिकडे धावलात तर चांदा राहील.

एक मात्र मान्य करते, सशाने कुत्र्याला पळवल्याची गोष्ट विजयनगरबद्दलही सांगतात आणि अहमदाबादबद्दलही. तेव्हा ससा आमचा एकट्याचा नाही, आणि ह्या गोष्टीवरून किल्ल्याचं साल काढायला जाऊ नका. पण हंपीला जाणारे तिथल्या गाइडला हसत नाहीत.

तटावरून सलग फिरता येईल असं समजू नका, मधे मधे पडझड आहे, घरं टेकलेली आहेत. २०१७ पासून गावातल्या पोरांनी झाडोरा काढून बराच भाग मोकळा केला, त्याआधी बुरूज दिसतही नव्हते. चैत्रात महाकालीची यात्रा असते, नांदेड-परभणीकडून लोक लोटतात, तेव्हा दर्शनाला अर्धा दिवस गेलाच समजा. मे महिन्यात दुपारी बाहेर पडूच नका. ताडोबाचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद असतं, तोच दिवस चांद्यासाठी धरा. मग वाघ दिसो न दिसो, वेळापत्रक बिघडणार नाही.