घरी बांधत असलेल्या विमानाला कारचं १.३ लिटरचं इंजिन थेट प्रॉपेलरला जोडून चालेल का?

तुम्ही विचारलंय त्याप्रमाणे विमान दोन आसनी आहे, आराखड्यात ८० अश्वशक्ती मागितली आहे आणि हाताशी चार सिलिंडरचं १.३ लिटरचं इंजिन आहे, कागदावर ८५ अश्वशक्तीचं. गिअरबॉक्सचा खर्च वाचवून ते थेट जोडावं का?

नको. ती ८५ अश्वशक्ती ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) मिळते. १.७ मीटर व्यासाचं प्रॉपेलर त्या गतीने फिरवलं तर पात्याचं टोक सेकंदाला ५३० मीटरच्या पुढे जातं, म्हणजे आवाजाच्या दीडपट वेगाने. कानठळ्या बसतील, ओढ मिळणार नाही. २७०० आरपीएमला टोक २४० मीटरवर राहतं, तिथे प्रॉपेलर खूश असतं. पण २७०० ला या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, धरा ११० न्यूटन-मीटर. हिशोब केला की हाती येतात ३१ किलोवॅट, म्हणजे जेमतेम ४२ अश्वशक्ती. अर्धं इंजिन नुसतं ओझं म्हणून वर न्यायचं.

थेट जोडणीला मोठ्या क्षमतेचं, संथ चालणारं इंजिन लागतं. म्हणूनच फोक्सवॅगन बीटलचं इंजिन (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव वाढवून १.९ ते २.२ लिटर) आणि शेवरोले कॉर्व्हेअरचं २.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन इतकी वर्षं टिकून आहेत. दोन्ही हवेने थंड होणारी, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. बीटल ३००० च्या वर फिरवावं लागतं, म्हणून प्रॉपेलर लहान घ्यावं लागतं. सडपातळ विमानाला ते चालतं, पण फुगीर, संथ विमान चढताना दमतं. कॉर्व्हेअर साधारण १०० अश्वशक्ती देतं, पण त्याचे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) विमानांत तडकले आहेत. कारच्या क्रँकशाफ्टने प्रॉपेलरचा वाकवणारा जोर कधी पाहिलेलाच नसतो. त्यावर उपाय म्हणून प्रॉपेलरच्या बाजूला जादा, पाचवं बेअरिंग बसवतात. ते नसलेलं कॉर्व्हेअर मी तरी घेणार नाही.

तुमचंच इंजिन वापरायचं तर रिडक्शन गिअरबॉक्स (गती कमी करणारा) हवाच, २.२ च्या आसपास गुणोत्तराचा, म्हणजे ५५०० ला प्रॉपेलर २५०० वर येतं. प्रॉपेलरची पुढची ओढ गिअरबॉक्सच्या स्वतःच्या थ्रस्ट बेअरिंगवर गेली पाहिजे. नेमकं २ किंवा ३ असं पूर्णांक गुणोत्तर टाळा. त्यात तेच दात, तीच पाती इंजिनाच्या त्याच झटक्याला पुन्हा पुन्हा सामोरी जातात. रोटॅक्स ९१२ यूएलएस या हलक्या विमानांच्या तयार इंजिनाचं गुणोत्तरही असंच अपूर्णांकी, २.४३ आहे.

बहुतेक लोक फसतात ते पिळाच्या कंपनांत. एका टोकाला जड प्रॉपेलर, दुसऱ्या टोकाला क्रँकशाफ्ट, मध्ये शाफ्ट आणि कपलिंग (दोन्हींना जोडणारा सांधा) म्हणजे स्प्रिंग. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन झटके देतं. ९०० आरपीएमला सेकंदाला ३०. या झटक्यांचा आणि स्प्रिंगचा ताल जुळला की दात खडखडतात, बोल्ट ढिले होतात, शेवटी शाफ्ट तुटतो. रबरी कपलिंग घालून ही जुळणी आयडलच्या (इंजिन रिकामं फिरतं त्या सर्वांत कमी गतीच्या) खाली ढकलतात. मग तिच्यातून फक्त चालू-बंद करताना पटकन जायचं, आयडल उगाच खाली आणायचं नाही. दर तपासणीला फ्लँजच्या सांध्यावर टॉर्च मारा. तांबूस, कोकोसारखी पूड दिसली तर सांधा आतून घासतोय. कपलिंगखाली काळी पूड असेल तर रबर गेलं. नुसतं बोल्ट आवळून उडू नका.

विकणाऱ्याला एकच विचारा: हेच इंजिन, हेच फ्लायव्हील, हेच प्रॉपेलर या गिअरबॉक्सवर हवेत किती तास चाललंय? लाकडी प्रॉपेलरच्या जागी जड धातूचं आलं तरी ताल बदलतो. ‘जवळपास असंच एक चाललंय’ हे उत्तर धरू नका.

रेडिएटरचं गणित चढाईवर करा, क्रूझवर (एका उंचीवरच्या सरळ उड्डाणावर) नाही, कारण चढाईत शक्ती पूर्ण आणि समोरून येणारी हवा कमी. ६० किलोवॅट काढताना ३० किलोवॅटहून जास्त उष्णता पाण्यात जाते. रेडिएटर नुसता वाऱ्यात टांगू नका. लहान तोंड, हळूहळू रुंदावणारी नळी, रेडिएटरच्या जाळीच्या चारही बाजूंनी बंदिस्त सील आणि बाहेर पडायला पुरेशी जागा द्या. गरम होतंय म्हणून पुढचं तोंड कापून वाढवतात आणि हवा मागे अडलेली असते. कूलंटच्या सर्वांत उंच जागेवर हवा काढायची नळी ठेवा.

कारचा इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इमोबिलायझर (चोरी रोखायला इंजिन बंद ठेवणारं कुलूप) आणि लिंप मोडसकट (बिघाड दिसला की शक्ती कापणारी सोय) येतो. हवेत दोन्ही नकोत. प्रोग्रॅम करता येणारा घ्या. इंधनाचे पंप दोन, वायरिंग आणि फ्यूज वेगवेगळे, दोन्ही एका रिलेवर नकोत. इंजेक्शन आणि इग्निशन मिळून साधारण १२ ते १५ अँपिअर खातात. अल्टरनेटर गेला तर १८ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदावर तासभर निघतो, प्रत्यक्षात अर्धाच धरा. टायमिंग बेल्ट, टेन्शनर नवे टाका.

वजनाला बोडकं इंजिन धरू नका. गिअरबॉक्स, रेडिएटर, कूलंट, होज सगळं तराजूवर ठेवा. गुरुत्वकेंद्राच्या १.२ मीटर पुढे २० किलो वाढले, तर तोल साधायला ८ किलोची बॅटरी ३ मीटर मागे सरकवावी लागते.

कार्ब्युरेटर ठेवून इंधन गुरुत्वानेच येणार असेल तर विमान पहिल्यांदा जमिनीवर चालवण्याआधी त्याचं नाक चढाईपेक्षा जरा जास्त वर करा, टाकीत कमीत कमी इंधन ठेवा, कार्ब्युरेटरची नळी सोडून मापात मिनिटभर धरा. पूर्ण शक्तीला ताशी २६ लिटर लागत असतील तर दीडपट, म्हणजे मिनिटाला ६५० मिलिलिटर यायला हवेत. कमी आले तर आधी टाकीत हवा येऊ देणारी व्हेंट नळी बघा, मग फिल्टर.