चंगीझखानाच्या नावात ‘खान’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: मध्य आशियातलं ख्वारिझमचं मुसलमानी साम्राज्य ज्याने धुळीला मिळवलं, तो चंगीझखान स्वतः मुसलमान होता का? नसेल, तर नावात ‘खान’ कसा?

मुसलमान नव्हता. मंगोल लोक तेंग्रीला, म्हणजे आकाशदेवाला मानत. त्याचं पाळण्यातलं नाव तेमुजिन. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठी टोळ्यांची कुरुलताई (सरदारांची सभा) भरली, तिथे त्याला ‘चिंगिस खान’ ही पदवी मिळाली. फारसीतून येता येता चिंगिसचा चंगीझ झाला. खान म्हणजे टोळीचा राजा, आणि त्याच्याही वरचा तो कागान. हे शब्द मध्य आशियाच्या गवताळ मुलखातले, इस्लामच्या आधीचे. ५५२ मध्ये राज्य उभारणारे गोकतुर्क आपल्या राजाला कागानच म्हणत. पैगंबरांचा जन्म त्यानंतरचा.

पुढे तुर्की टोळ्या मुसलमान झाल्या, पण पदव्या जुन्याच राहिल्या. म्हणून तर ख्वारिझमच्या लढाईत दोन्ही बाजूंना खान सापडतात. १२१८ मध्ये ओत्रार शहराच्या सुभेदाराने मंगोलांचा सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा काफिला हेर ठरवून कापून काढला आणि माल लुटला. त्याचं नाव इनालचुक, पदवी गायिरखान! सुलतान अलाउद्दीन मुहम्मदाच्या आईचा, तुर्कान खातूनचा तो नातलग. (खातून हीही तिकडचीच पदवी, राणीची.) चंगीझने जाब विचारायला वकील धाडले, तर सुलतानाने त्यातल्या एकाला मारलं आणि बाकीच्यांच्या दाढ्या उतरवून परत पाठवलं. मग व्हायचं तेच झालं. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद पडलं, सुलतान पळत पळत कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर जाऊन मेला. पुढच्याच वर्षी राजधानी गुरगंजही गेली. म्हणजे आधी आगळीक केली ती मुसलमान खानाने, आणि सूड घेतला तो बिगरमुसलमान खानाने.

१२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडवणारा त्याचा नातू हुलागूखान, तोही मुसलमान नव्हता. इराणातले मंगोल राजे इस्लामकडे कायमचे वळले ते १२९५ मध्ये, गाझानखानापासून.

आपला घोटाळा होतो त्याचं कारण उघड आहे. आपल्या कानावर खान पडतो तो अफझलखान आणि शाहिस्तेखानाबरोबर. पण तेही किताबच. शाहिस्तेखानाचं मूळ नाव मिर्झा अबू तालिब. दिल्लीच्या सुलतानांकडे अमीर, त्यावर मलिक आणि सर्वांत वर खान अशी चढती भाजणी होती. मोगलांनी हा किताब सढळ हाताने वाटला, मग तो घराण्यांना चिकटून आडनाव झाला. इंग्रजांनी तर मुंबईच्या पारशांनाही ‘खानबहादूर’ करून टाकलं.

लिहिताना काय करावं? पदवी असेल तिथे मराठीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे जोडून लिहावं: चंगीझखान, चंगीझखानाने. आडनाव असेल तिथे सुटं: सलमान खान. ‘चंगेज’ हे हिंदीच्या वळणाचं रूप. चूक म्हणणार नाही, पण मला चंगीझच बरं वाटतं. आणि तोफखाना, कारखाना यांतला ‘खाना’ या कुळातला नव्हे. तो फारसी, म्हणजे घर.