पॉलिसीचं नंतर बघू, आधी सही थांबवा

प्रश्न : गोदामात शिडीवरून पडून गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनला 10 आठवडे झाले, सध्या पगार बंद आहे. कंपनी 8 महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम एकदम देऊन प्रकरण मिटवते आहे. त्यातले 5 पगार एजंटने सुचवलेल्या ‘हमखास परतावा’ पॉलिसीत घालू का? दोन महिन्यांत कामावर जाईनच. फिजिओथेरपीच्या 20 सिटिंगला एक पगार जातो, म्हणून आठवड्याला दोनऐवजी एकच करतोय.

उत्तर : पॉलिसी नको. पगार बंद असलेल्या माणसाला वर्षानुवर्षं हप्ते भरायला लावणारा एजंट स्वतःचं कमिशन बघतोय, तुमचा गुडघा नाही.

मला धास्ती वाटली ती ‘मिटवते आहे’ वाचून. सही केलीत का? अशा कागदावर ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ अशी ओळ बहुधा असतेच. कामावरच्या दुखापतीत उपचारांचा खर्च, बुडालेला पगार आणि कायमचं अधूपण या तीन वेगळ्या बाबी. अधूपण ठरवायचं ते सुधारणा थांबल्यावर. दहाव्या आठवड्यात ते सर्जनही सांगू शकत नाही.

दोन महिन्यांचा भरवसा कुणी दिला? ऑपरेशनमध्ये तुटलेल्याच्या जागी बसवलेलं नवं लिगामेंट पहिले काही महिने उलट कमकुवत होतं, मग हळूहळू मुरतं. सूज उतरते, दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं, झालो बरा! शिडी, ओझी असलेल्या कामाला 6 ते 9 महिने धरा. तेही ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्याच्या साधारण 90 टक्के झाली तर.

आता हिशोब. अजून 6 महिने घरी, म्हणजे 6 पगार. आठवड्याला दोन धरून 50 सिटिंग, म्हणजे अडीच. झाले साडेआठ. हातात येणार 8. गुंतवणार काय?

सिटिंग निम्मी केल्याने सव्वा पगार वाचेल, पण गुडघा आखडू शकतो. घरीच तपासा : टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सैल सोडा. गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होत नसेल, तर आजच फिजिओला दाखवा. आखडलेला गुडघा मोकळा करायला पुन्हा भूल द्यावी लागली आणि तीन महिने आणखी गेले, तर सव्वा वाचवायला तीन घालवलेत.

सर्जनकडून लेखी घ्या : किती सिटिंग बाकी, कोणतं काम कधीपासून. तो कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा, मगच कंपनीशी बोला. पैसे आलेच तर साध्या बचत खात्यात पडू द्या.