गुन्हेगारांत शोधू नकोस, देणेकऱ्यांत शोध

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईकडच्या सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत एका दुपारी मिळाली, आणि बाबांकडचा इंग्लंडच्या लिंकनशर जिल्ह्यातला एक शेतकरी पूर्वज मात्र सहा महिने हुलकावणी देतोय, म्हणून तू वैतागला आहेस. 'आजी सांगायची की ते तुरुंगात होते. पण गुन्हेगारांची रजिस्टरं 1805 पासून चाळली, नाव नाही. म्हणजे गोष्ट खोटी,' असं तू लिहितोस. एवढ्यात खोटी ठरवू नकोस. कर्जापायी डांबलेल्या माणसावर खटला चालत नसे, शिक्षा होत नसे. त्यामुळे त्याचं नाव त्या रजिस्टरांत येतच नाही.

तूच पाठवलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पुन्हा बघ. 1813 पासून त्या छापील नमुन्यात भरत आणि त्यात बापाचा धंदा लिहीत. 1819 मध्ये तुझे पूर्वज 'शेतकरी' आहेत, 1826 मध्ये 'मजूर'. त्याआधी दर दोन वर्षांनी पाळणा हलत होता, मधल्या सात वर्षांत एकही मूल नाही. माझी नजर तिथेच अडली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात, 1812 साली, एका क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्रजी माप) गव्हाला सरासरी 126 शिलिंग 6 पेन्स भाव होता. 1822 साली तोच 44 शिलिंग 7 पेन्सवर आला. चढ्या भावाच्या भरवशावर ज्याने खंड कबूल केला, त्याने तो उतरत्या भावात कुठून भरावा? हा अजून अंदाज आहे, पण शोध कुठे घ्यायचा ते त्यातून कळतं.

आता कायदा समजून घे, नाहीतर कागद हाती येऊनही वाचता येणार नाहीत. दिवाळखोर म्हणून सुटका मागण्याची सोय 1861 पर्यंत फक्त व्यापाऱ्यांना होती, आणि शेतकरी व्यापाऱ्यांत मोडत नसे. तो नुसता 'नादार'. घेणेकरी कोर्टाचा हुकूम काढून शेरीफच्या माणसांकरवी त्याला उचलू शके. 1838 पर्यंत तर दाव्याचा निकाल लागण्याआधीसुद्धा. रविवारी अशी अटक करता येत नसे आणि घराचं बाहेरचं दार फोडून आत शिरता येत नसे. सहा दिवस कडी लावून बसलेला आणि रविवारी तेवढा उजेडात येणारा माणूस डोळ्यांपुढे आण. एकदा आत गेला की मुदत नाही. देणं फिटेपर्यंत, घेणेकऱ्याला दया येईपर्यंत किंवा कायद्याने सुटका होईपर्यंत. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्डने 1770 च्या दशकात इंग्लंड-वेल्सचे तुरुंग पालथे घालून 4,084 कैदी मोजले, त्यातले 2,437 निव्वळ कर्जापायी आत होते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून बसले होते.

तर पहिलं दार लंडन गॅझेट, म्हणजे तिथलं सरकारी राजपत्र. सुटकेचा अर्ज करणाऱ्या नादाराची नोटीस त्यात छापावी लागे, आणि जुने अंक आज घरबसल्या फुकट पाहता येतात. आडनावावर विसंबू नकोस. यंत्राने वाचलेली जुनी छपाई नावांची पार वाट लावते. गावाचं नाव, 'शेतकरी' हा शब्द, लिंकन कॅसल (जिल्ह्याचा तुरुंग त्या किल्ल्यात होता), असं फिरवून फिरवून शोध. या नोटिसांत बऱ्याचदा माणूस आधी कुठे राहत होता, मग कुठे, काय काय धंदे केले, अशी साखळी असते. इतक्या ओळी त्याच्याबद्दल चर्चच्या वहीतही नाहीत.

नोटीस सापडली की तारीख मिळाली. मग लिंकनच्या दफ्तरखान्यात जा, आणि जाण्याआधी एक बघ: लिंकनशरचे तीन भाग, लिंडसी, केस्टिव्हन आणि हॉलंड. तिन्हींची त्रैमासिक सत्रं (दर तीन महिन्यांनी भरणारी स्थानिक न्यायालयं) वेगळी, दफ्तरंही वेगळी. तुझं गाव केस्टिव्हनमध्ये येतं. 1824 पासून नादारांच्या कोर्टाचे कमिशनर फिरतीवर येऊ लागले, त्याआधी जिल्ह्यातल्या कैद्यांचे अर्ज या सत्रांपुढेच येत. तेव्हा सत्राचे कागद आधी माग. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नादारांच्या कोर्टाची रजिस्टरं आहेत, ती नंतर बघू.

तुला हवी आहे ती त्याने दिलेली मालमत्तेची यादी. सुटण्यासाठी सगळं लिहून द्यावं लागे: कोणाचं किती देणं, कोणाकडून किती येणं, घरात काय उरलं. सगळ्यांच्या याद्या टिकल्या नाहीत, पण टिकली असेल तर तिच्याइतका मोलाचा कागद दुसरा नाही. बेरीज पाहून पान उलटू नकोस. त्याचे पैसे देणं लागणाऱ्यांत त्याचा मेव्हणा असेल, घेणेकऱ्यांत सख्खा भाऊ असेल. कधीकधी जो तगादा लावून आत टाकतो तोच नंतर मुलीचा सासरा झालेला दिसतो. रकमा वाचताना एवढं धर: बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड.

1826 नंतर तो पुन्हा आत गेलेला दिसला आणि त्या वेळच्या सुटकेचा कागद मिळालाच नाही, तर मृत्यूची नोंद गावात शोधू नकोस, कॅसलजवळच्या चर्चमध्ये शोध. कैदेत मेलेल्याची मरणचौकशी होत असे, तेही कागद माग.

आणि लिंकनला गेलास की कॅसलमध्ये जाऊन ये. 1788 ची विटांची इमारत अजून उभी आहे, कर्जाचे कैदी तिथे ठेवत. मागच्या व्हिक्टोरियन तुरुंगाचं चॅपल पाहायला लोक गर्दी करतात, पण ते 1848 चं, तुझ्या माणसाच्या नंतरचं. तू पुढच्या इमारतीत वेळ घालव.

आजीचं म्हणशील तर तिला 'तुरुंग' एवढंच कळलेलं होतं, कशासाठी ते कोणी सांगितलंच नाही. घरच्यांनी ती लाज दोनशे वर्षं जपली. यादी सापडली तर बाबांना फोनवर वाचून दाखवू नकोस. समोर बसून दाखव, आणि येण्याच्या बाजूपासून वाचायला सुरुवात कर, म्हणजे कोणी कोणी त्यांचे पैसे बुडवले होते ते आधी कळेल.

तुझी,
मावशी